शहरातला भारी फ्लॅट : भाड्याने घेताना आणि देताना



गळीत हंगाम चालू असला की गट कार्यालयात ऊसतोडीच्या पाळीखेरीज दुसरा विषय सहसा निघत नाही. परंतु अलीकडे पळसदेव, भिगवण, लोणी देवकर या बाजूचे सभासद पाळीचे विचारून झाले की खुर्ची थोडी पुढे ओढतात आणि हळूच म्हणतात, "साहेब, बारामतीत एक फ्लॅट बघितलाय. भाडं पंधरा हजार सांगतोय. अनामत साठ. काय करावं?"

या प्रश्नात दोन प्रकारचे सभासद असतात. पहिल्याची मुलगी किंवा मुलगा बारामतीत शिकायला आहे. विद्या प्रतिष्ठानची महाविद्यालये १९७२ पासून वाढत आली, २०१९ साली बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. मुलांबरोबर आजी किंवा आई राहायला जाते आणि वसतिगृहाऐवजी घर लागते. दुसऱ्या सभासदाने चार वर्षांच्या उसाच्या बिलातून आणि थोड्या कर्जातून फ्लॅट घेतलेला आहे. तो कोणा डॉक्टरला किंवा बँकेच्या अधिकाऱ्याला द्यायचा आहे, पण छातीत धाकधूक आहे. एकाला घ्यायचे, दुसऱ्याला द्यायचे. दोघांचीही फसगत एकाच ठिकाणी होते, ती म्हणजे कागदाच्या ठिकाणी. म्हणून या अंकात या विषयाची जरा सविस्तर फोड करीत आहोत.

भीती कुठून आली?

आपल्या भागात एखाद्याला "घर भाड्याने दे" म्हटले की पहिले उत्तर येते, "नको रे बाबा, कूळ लागेल." ही भीती खुळी नाही, तिला इतिहास आहे. १९४८ च्या कूळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने कसणाऱ्या कुळाला जमिनीची मालकी मिळाली. ज्याने कसली त्याच्या दृष्टीने तो न्यायच होता. पण ज्याने तोंडी दिली होती त्याच्या घरात ती गोष्ट अजून सांगितली जाते. इंदापूर तालुक्यात खंडकऱ्यांचा प्रश्न तर सर्वांच्या परिचयाचा आहे. खासगी साखर कारखान्यांना खंडाने दिलेल्या जमिनी १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्यानंतर शेती महामंडळाकडे गेल्या आणि त्या परत मिळण्यासाठी नातवंडांपर्यंत लढावे लागले. दिलेली वस्तू परत येत नाही, हा धडा आपल्या हाडीमासी भिनला आहे.

शहरातही असेच घडले. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने घरभाडी जवळजवळ गोठवून टाकली. त्यातून पळवाट म्हणून मालक 'भाडेकरू' न ठेवता 'परवानाधारक' ठेवू लागले. तेव्हा १९७३ साली कायद्यात दुरुस्ती झाली, आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे परवानाधारक जागेत राहत होते त्यांना भाडेकरूचे संरक्षण मिळाले. मुंबई-पुण्यातले मालक हादरले ते तेव्हापासून.

परंतु इथेच थांबून चालणार नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ साली झाला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने चित्र बदलले. आज रीतसर लेखी व नोंदणी केलेला 'लिव्ह अँड लायसन्स' करार असेल तर मुदत संपताच परवानाधारकाने जागा सोडणे बंधनकारक आहे. नाही सोडली तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. म्हणजे भीती जुन्या कायद्याची आणि फ्लॅट रिकामा नव्या जमान्यात, असा प्रकार काही सभासदांचा चालला आहे.

भाडेपट्टा निराळा, परवाना निराळा

हा फरक समजायला फार इंग्रजी नको. समजा, शेजाऱ्याला आपण आपल्या बांधावरून उसाची गाडी न्यायची परवानगी दिली. तो गेला, आला. पण परवानगीने गेला म्हणून बांध त्याचा होत नाही. परवाना म्हणजे एवढेच. जागेत राहण्याची मुभा मिळते, जागेत हक्क निर्माण होत नाही. भाडेपट्ट्यात मात्र जागेचा उपभोगाचा हक्कच ठराविक काळासाठी दुसऱ्याकडे जातो. आज राहत्या फ्लॅटचे बहुतेक व्यवहार परवान्याचे, म्हणजे लिव्ह अँड लायसन्सचेच होतात. बोलताना आपण 'भाडेकरू' म्हणतो, या लेखातही म्हणणार आहोत; कागदावर मात्र शब्द नीट पाहावा.

आता लोक म्हणतात, "अकरा महिन्यांचा केला की नोंदवायला लागत नाही." हा गैरसमज घालवणे जरूर आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागे, म्हणून अकरा महिन्यांची युक्ती निघाली आणि देशभर रूढ झाली. परंतु महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्याने करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी हवा आणि नोंदलेला हवा, असे सांगितले. नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, नोंदलेला करार नसेल आणि वाद झाला, तर कोणत्या अटींवर जागा दिली याविषयी भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. शंभराच्या मुद्रांकावर नोटरीचा शिक्का मारून आणला म्हणजे काम झाले, असे समजणाऱ्या मालकांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

नोंदणीला किती पडतात?

ऐकायला मोठे वाटते, पण खर्च फार नाही. पाच वर्षांपर्यंतच्या परवाना कराराला मुद्रांक शुल्क पाव टक्का आहे. ते मुदतीतल्या एकूण भाड्यावर आणि परत मिळणाऱ्या अनामतीच्या दरसाल १० टक्के व्याजावर काढतात. आपल्या सभासदाचे उदाहरण घेऊ :

भाडे १५,००० × ११ महिने = १,६५,०००
अनामत ६०,००० वर ११ महिन्यांचे व्याज = ५,५००
एकूण १,७०,५००; त्याचा पाव टक्का = सुमारे ४२६ रुपये

नोंदणी फी शहरी भागात १,००० रुपये आणि ग्रामीण भागात ५०० रुपये. वर हाताळणी खर्च आणि ज्याच्याकडून करून घ्याल त्याची मजुरी. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात रांगेत उभे राहण्याचीही गरज उरलेली नाही. आधार आणि अंगठ्याच्या ठशावर घरबसल्या ऑनलाइन नोंदणी होते. साठ हजारांच्या अनामतीचे रक्षण करायला दीड-दोन हजार रुपये जातात. काट्यावर ट्रॉली रिकामी करून पावती न घेता घरी जाणारा सभासद आम्ही अजून पाहिलेला नाही. मग घराच्या बाबतीतच "आपण काय परके आहोत, कागद कशाला?" असे का म्हणावे?

लहान गावात हीच खरी अडचण असते. मालक कोणाच्या तरी पाहुण्याचा पाहुणा निघतो. भीड पडते. आमच्या माहितीतल्या एका सभासदाने अशाच ओळखीवर, कागदाशिवाय, मुलासाठी फ्लॅट घेतला. दोन वर्षांनी सोडताना मालकाने रंगकाम, नळ, दाराची कडी असा हिशेब लावून अर्धी अनामत ठेवून घेतली. सभासदाजवळ दाखवायला ना पावती, ना सामानाची यादी. भांडायला जावे तर सोयरिकीत वितुष्ट. पैसे गेले ते गेलेच, पण लग्नकार्यात समोरासमोर येणेही बंद झाले. नोंदलेला करार असता तर नातेही टिकले असते, असे आमचे प्रामाणिक मत आहे.

'भारी' म्हणजे नेमके काय?

जाहिरातीच्या फलकावर क्लब हाऊस, पोहण्याचा तलाव, बाग, व्यायामशाळा सगळे असते. पुण्यात चारशे फ्लॅटच्या वसाहतीत हा खर्च चारशे घरांत वाटला जातो. तालुक्याच्या गावी इमारत चाळीस फ्लॅटची, आणि त्यात राहायला आलेली कुटुंबे पंधरा. उरलेले फ्लॅट गुंतवणूक म्हणून कुलूपबंद. बंद फ्लॅटचे मालक देखभालीचे पैसे वेळेवर भरत नाहीत. मग आधी तलावातले पाणी जाते, नंतर रात्रीचा वॉचमन जातो, शेवटी लिफ्टही बंद पडते. भाडे मात्र 'लक्झरी'चेच राहते. म्हणून फ्लॅट पाहायला जाताना फरशी आणि किचन ट्रॉली पाहून भुलू नये. पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. किती कुटुंबे प्रत्यक्ष राहतात? रात्री आठ वाजता जाऊन इमारतीत किती दिवे लागतात ते मोजावे. याहून सोपी परीक्षा नाही.

२. पाणी. नळाचे किती, बोअरचे किती, आणि एप्रिल-मे महिन्यांत टँकर लागतो का? टँकरचे पैसे कोण भरते? मालकाला न विचारता वॉचमनला आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंना विचारावे.

३. वीज. महावितरणचा स्वतंत्र मीटर आहे का, घरगुती दराचा आहे का, जुनी थकबाकी आहे का? ताबा घेण्याच्या दिवशी मीटरच्या आकड्याचा फोटो काढून ठेवावा. जनरेटर असेल तर तो लिफ्टपुरता की घरातल्या दिव्यांनाही, हे पाहावे.

४. लिफ्टच्या तपासणीचा दाखला. आजीला गुडघ्याचा त्रास असेल तर चौथा मजला दिसतो तेवढा स्वस्त नसतो.

५. क्षेत्रफळ. मालक 'बाराशे फूट' म्हणेल, पण कोणते? रेरा कायद्याप्रमाणे चटई क्षेत्र म्हणजे घराच्या आतली प्रत्यक्ष वापराची जागा. बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी त्यात येत नाहीत. जिना, लॉबी, लिफ्ट यांचा वाटा मिसळून सांगितलेला आकडा निराळा. आपण उसाचे वजन मुळ्या-पाचटासकट मोजून देतो का? तसेच हे.

६. देखभाल खर्च भाड्यात धरलेला आहे की वेगळा? पंधरा हजार भाडे आणि वर अडीच हजार देखभाल, म्हणजे भाडे साडेसतरा हजार समजावे.

भाड्याचा हिशेब उसात करा

पगारदाराला महिन्याच्या पहिल्या तारखेला पैसे मिळतात, म्हणून महिन्याचे भाडे त्याला जड जात नाही. आपले उत्पन्न हंगामाचे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये रास्त व किफायतशीर दर जाहीर केला. त्यातून तोडणी-वाहतूक वजा जाते. हिशेबाच्या सोयीसाठी हाती टनाला ३,००० रुपये येतात असे धरू.

मग पंधरा हजार भाडे म्हणजे महिन्याला ५ टन ऊस. वर्षाचे भाडे १,८०,००० म्हणजे ६० टन. एकरी ४० टन उतार धरला तर दीड एकराचा ऊस, तोही खते, पाणी, सोसायटीचे कर्ज वजा न करता. शिवाय पहिल्याच दिवशी अनामत ६०,०००, पहिल्या महिन्याचे भाडे १५,०००, दलाल असेल तर त्याची दलाली, आणि करारखर्च. दलाली एक महिन्याच्या भाड्याइतकी धरली तर सुमारे ९१-९२ हजार रुपये, म्हणजे ३० टन ऊस, चावी हातात येण्यापूर्वीच गेला.

हे सांगण्याचा हेतू भिववण्याचा नाही. शिक्षणासाठी केलेला खर्च वाया जात नाही. परंतु बिलाचा हप्ता आला की त्यातून निदान सहा महिन्यांचे भाडे बँकेत वेगळे काढून ठेवावे. मे-जूनमध्ये सावकाराचे दार वाजवण्याची वेळ येते ती बहुधा याच ठिकाणी चुकल्यामुळे.

दोन-तीन सभासदांच्या मुलांनी मिळून एक फ्लॅट घेतला तर भार बराच हलका होतो. मात्र तसे असेल तर सर्वांची नावे करारात घालावीत. एकाच्याच नावावर करार आणि बाकीचे 'मित्र' म्हणून राहतात, मग एकजण मध्येच सोडून गेला की भांडण पेटते.

करारात काय पाहावे?

अनामत किती आणि जागा सोडल्यावर किती दिवसांत परत, हे आकड्यांत लिहावे. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याइतकीच असावी असे आहे. पण राज्याने तसा कायदा केल्यावरच ते लागू होते, म्हणून करारातले शब्दच महत्त्वाचे. नमुन्यादाखल घासाघीस करायला मात्र हा आकडा उपयोगी आहे.

'लॉक-इन' म्हणजे अमुक महिने कोणीही सोडायचे नाही ही अट. मुलाचा प्रवेश दुसऱ्या फेरीत दुसरीकडे होण्याचा संभव असेल तर सहा महिन्यांच्या लॉक-इनवर सही करू नये. सोडण्याची आगाऊ सूचना किती दिवसांची, पुढच्या वर्षी वाढ किती टक्के, रंगकाम कोणी करायचे, पंखे-गिझर-कपाटे किती व कोणत्या स्थितीत, हे सगळे कागदावर यावे. भाडे बँकेतून द्यावे. रोख दिले तर पावती घ्यावी, ती देणे मालकावर बंधनकारक आहे. आणि वाद झाला म्हणून पाणी किंवा वीज तोडण्याचा अधिकार मालकाला नाही, कायद्याने त्याला मनाई आहे.

फ्लॅट देणाऱ्या सभासदांसाठी

भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी आणि तिची व कराराची प्रत इमारतीच्या सोसायटीला द्यावी. गृहनिर्माण सोसायटी आणि आपला कारखाना ही एकाच कायद्याची, १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाची लेकरे आहेत. तिथेही भाग आहेत, वार्षिक सभा आहे, एका सभासदाला एक मत आहे. भाडेकरूला मत नसते, मालकाला असते. म्हणून "मी काय तिथे राहतो?" असे म्हणून सभेला दांडी मारू नये. फ्लॅट भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते, पण ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नको, असा शासनाचा आदेश २००१ पासून आहे. जास्त मागितले तर विचारण्याचा हक्क आहे.

दुसरी गोष्ट, उसाच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून भाड्यावरही नाही, असे काही जण धरून चालतात. ते चूक आहे. भाडे करपात्र आहे. वर्षाचे भाडे १,८०,००० आणि तुम्ही भरलेली घरपट्टी समजा ६,०००, तर उरले १,७४,०००. त्यातून ३० टक्के, म्हणजे ५२,२०० रुपये सरसकट वजावट मिळते. उरलेले १,२१,८०० तुमच्या इतर करपात्र उत्पन्नात मिळवायचे. कर बसेलच असे नाही, पण लपवून ठेवू नये.

तिसरी गोष्ट, हट्ट. पंधरा हजारांचा फ्लॅट चौदाला मागितला म्हणून नाकारला, तर वर्षाला वाचतात बारा हजार. पण एकच महिना रिकामा राहिला तर जातात पंधरा हजार. तालुक्याच्या गावात भारी फ्लॅटला गिऱ्हाईक मोजके असते, चांगला माणूस समोर असेल तर हजारासाठी सोडू नये.

आणि चौथी, जरा स्पष्ट बोलतो. "एकट्या मुलींना देत नाही", "अमक्या जातीला देत नाही" असे आपलेच काही सभासद म्हणतात हे आमच्या कानावर येते. कारखान्याच्या काट्यावर उसाची जात विचारतात, शेतकऱ्याची नाही. उद्या आपलीच लेक दुसऱ्या शहरात घर शोधायला जाणार आहे. एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

विकत घ्यावा की भाड्याने?

"भाडं भरण्यापेक्षा दोन एकर विकून फ्लॅटच घेतो" असेही काही म्हणतात. हिशेब करू. समजा तोच फ्लॅट साठ लाखांना आहे. त्याचे वर्षाचे भाडे १,८०,०००, म्हणजे किमतीच्या ३ टक्के. साठ लाख गुंतवून जे घर मिळणार ते चार वर्षांच्या शिक्षणासाठी सव्वासात लाखांत वापरता येत असेल, तर जमीन मोडण्यात शहाणपण नाही. फ्लॅट पुढेही घेता येतो, बागायत जमीन गेली की परत येत नाही. भाड्याने राहणे कमीपणाचे आहे, ही समजूतही आता सोडून द्यावी.

पळसदेवकरांना घर सोडणे म्हणजे काय हे आम्ही सांगायला नको. जुने गाव उजनीच्या पाण्याखाली गेले. दुष्काळी सालात पाणी उतरले की पळसनाथाचे देऊळ उघडे पडते आणि म्हातारी माणसे अजून तिकडे बघत उभी राहतात. ज्या गावाने घरासाठी उतारे, पंचनामे आणि दाखले घेऊन कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, त्या गावाच्या लेकीबाळींनी बारामतीत कागदाशिवाय राहू नये आणि त्या गावच्या मालकाने कागदाशिवाय कोणाला ठेवू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.

असो. करारावर सही करण्यापूर्वी तो घरी आणून शांतपणे वाचावा. न कळलेला शब्द वकिलाला किंवा दुय्यम निबंधक कार्यालयात विचारावा. नोंदणी झाली की त्याची प्रत आणि सूची दोनचा उतारा सातबाराच्या पिशवीतच ठेवावा. त्या पिशवीत ठेवलेला कागद आपल्याकडे सहसा हरवत नाही.